भिंतीवरच्या दुनळीचे काय करायचे?

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील परवानाधारकांना पोलीस ठाण्यातून निरोप येतो आणि एरवी कपाटात पडून असलेली बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून ठाण्यात जमा होते. तिला चिठ्ठी बांधली जाते, पावती मिळते आणि निकालानंतर काही दिवसांनी ती पुन्हा घरी येते. खटाव, माण, फलटण, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या भागांतील जुन्या घरांमध्ये बारा बोअरच्या अशा दुनळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका, अजूनही आहेत, आणि त्यांपैकी कित्येकींतून एका पिढीत बार निघालेला नाही. ज्या आजोबांच्या नावावर परवाना होता ते गेले, मुलाने वारसा म्हणून तो आपल्या नावे करून घेतला, आणि आता नातवाला त्या नूतनीकरणाचे हेलपाटे नकोसे झाले आहेत. 2019 मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली आणि ती वारसाहक्काने आलेल्या बंदुकांनाही लागू झाली. या सगळ्याचा परिणाम एकच होणार आहे. येत्या काही वर्षांत यांतील बऱ्याच बंदुका सरकारजमा होतील. त्यांचे पुढे काय करायचे, आणि त्यांच्याबरोबर जे कसब नांदत होते त्याची काय व्यवस्था लावायची, हा प्रश्न घरगुती वाटला तरी सार्वजनिक आहे.

या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते की वाडवडिलांचा नेम ही परंपरा आहे, ती जपायची असेल तर तितर आणि लाव्यांची मर्यादित शिकार पुन्हा खुली करावी. दुसरे म्हणते की हत्यार ते हत्यारच, त्याचा गौरव कसला, ते वितळवून मोकळे व्हावे. मला दोन्ही मान्य नाहीत. बंदूक निकामी करून वस्तू म्हणून जपावी, शिकार पुन्हा सुरू करू नये, आणि कसबाची नोंद जरूर करावी. मात्र ती पुरी करावी, म्हणजे आजवर ज्यांची नावे त्या कसबाच्या हकिकतीतून गाळली गेली त्यांच्यासकट करावी.

आधी बंदुकीविषयी. बारा बोअर म्हणजे नळीच्या आत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरेल एवढा व्यास, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये बनलेल्या चांगल्या दुनळीचे वजन जेमतेम तीन किलो असे. तिच्या जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. ती वरून कोरलेली नसते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून नळी घडवली की धातूच्या पोटातूनच ती उमटते. नळ्या दस्त्यापासून सुट्या करून उलट्या धरल्या की त्यांच्या सपाट बुडावर चाचणीगृहाचे, म्हणजे बंदूक विकण्याआधी बार काढून तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के दिसतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह 1813 चे, लंडनचे त्याहून जुने. ‘नॉट फॉर बॉल’ एवढाच मजकूर ठोकलेला दिसला, तर ती नळी तोंडाशी किंचित आवळलेली आहे, तिच्यातून एकसंध गोळी डागायची नाही, हे कळते. बिनधुराच्या दारूची चाचणी झाल्याचा शिक्का नसेल, तर ती काळ्या दारूच्या काळातली आहे. अशा बंदुकीत आजचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते, कारण तिचे काडतूसघर बहुधा अडीच इंचांचे असते आणि आजचे बहुतेक काडतूस पावणेतीन इंचांचे. हौसेने ‘एक बार काढून बघू’ म्हणणाऱ्या नातवाला हे कुणी सांगितलेले नसते. जुन्या बंदुका जशाच्या तशा घरात पडून राहण्यातला हा धोका चोरीच्या धोक्याइतकाच खरा आहे.

आता कसबाविषयी, कारण दंतकथा सर्वाधिक याच ठिकाणी आहेत. उडत्या पाखराचा डोळा टिपणाऱ्या पणजोबांच्या गोष्टी आमच्याकडे गावोगाव सांगितल्या जातात. दुनळीने कुणाचाही डोळा टिपता येत नाही. सहा नंबरच्या छऱ्यांच्या, म्हणजे काडतुसातल्या शिशाच्या बारीक गोळ्यांच्या, एका इंग्लिश औंसात सुमारे 270 दाणे असतात, आणि बार निघाला की त्यांचा विस्तारत जाणारा थवा होतो. नळी तोंडाशी पूर्ण आवळलेली असेल तर चाळीस यार्डांवर त्यांतील सुमारे सत्तर टक्के दाणे तीस इंचांच्या वर्तुळात पडतात. नळी सरळ असेल तर चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे रायफलवाल्याला लागते तशी सुईच्या टोकाएवढी अचूकता इथे लागतच नाही. इथला अवघडपणा निराळा आहे. छऱ्यांना छत्तीस-सदतीस मीटर जायला सेकंदाचा साधारण सातवा-आठवा हिस्सा लागतो, आणि ताशी साठ किलोमीटर वेगाने आडवे चाललेले पाखरू तेवढ्यात दोन मीटरांहून पुढे गेलेले असते. म्हणजे पाखरावर बार टाकला तर तो पाखराच्या मागे जातो. किती पुढे टाकायचा याचे गणित मनात करायला वेळ नसतो. बंदूक खांद्याला येता येताच हात पाखराच्या वाटेने फिरू लागला पाहिजे आणि चाप ओढल्यावरही तो थांबता कामा नये. नवशिका चाप ओढण्याच्या क्षणी हात थांबवतो आणि दरवेळी मागे राहतो. जुना माणूस नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर बसवलेल्या मण्याकडे बघतच नसे. नजर पाखरावर असे आणि बंदूक नजरेबरोबर आपोआप येई.

ती आपोआप यावी यासाठी दस्ता माणसाच्या मापाचा असावा लागतो. त्याची लांबी, गालाशी असलेला उतार, बाजूला दिलेला किंचित बाक ही सगळी मापे इंग्लंडचे कारागीर गिऱ्हाईक समोर उभे करून घेत. आपल्याकडे आलेल्या बंदुका मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच कुणा लांब हातांच्या साहेबाच्या मापाच्या असत. म्हणून जुन्या दुनळ्यांच्या दस्त्याला मागून बोटभर लाकूड कापलेले किंवा चामड्याची गादी शिवलेली आढळते. लिलावात किंमत ठरवणाऱ्याला ती खोड वाटेल. मला त्या कापलेल्या दस्त्यात इथल्या सुताराचा हात आणि इथल्या माणसाचा खांदा दिसतो, आणि संग्रहालयात ठेवायचीच झाली तर मी आधी तीच बंदूक ठेवीन.

पाखरागणिक हे कसब बदलत असे. तितर आधी बांधाच्या कडेने पळतो, उडायचे टाळतो, आणि अगदी पायाशी आल्यावर फडफडाट करत उठतो. त्या आवाजाने दचकणाऱ्याचा बार हवेत जातो. लावा ज्वारीच्या कापलेल्या रानातून उठून कमरेएवढ्या उंचीवरूनच निघतो, त्यामुळे पलीकडे हाकारा करणारी माणसे असताना बार न टाकणे हाही कसबाचाच भाग होता. पाणलावा (स्नाइप) चिखलातून उठताच नागमोडी जातो. पखुर्डी (सँडग्राऊस) सरळ पण भन्नाट वेगाने येते. हे चार प्रकारचे नेम एकाच माणसाच्या अंगी बाणायला वर्षे लागत, आणि ती वर्षे शेताच्या कामावाचून ज्याला मोकळी मिळत त्यालाच ते साधे.

इथपर्यंतचे कसब बंदूक धरणाऱ्याचे. परंतु पाखरू उठण्याआधी ते कुठे असेल हे कळावे लागते, आणि शिकारीच्या यशातला मोठा वाटा त्या कळण्याचा असतो. दुष्काळी पट्ट्यातल्या पखुर्ड्या सकाळी ऊन चढू लागल्यावर ठरावीक पाणवठ्यावर थव्याने उतरतात. तो पाणवठा कोणता, आणि परवा तिथे पाणी होते म्हणून आज आहे का, हे माळावर मेंढरे फिरवणाऱ्या धनगराला माहीत असे. तितराचा पहाटेचा आवाज ऐकून नराची जागा आणि थव्याचा अंदाज पारध्याला बांधता येई. मायणीच्या किंवा येरळवाडीच्या तलावावर तलवार बदके आणि चक्रवाक केव्हा उतरतात, दिवस कुठे काढतात आणि संध्याकाळी चरायला कोणत्या बाजूने उठतात, याची खबर देणारा तलावाकाठचाच कुणीतरी असे. बार मालकाच्या नावावर जमा होई आणि खबर देणाऱ्याला दोन पाखरे किंवा काही नाणी मिळत.

फासेपारध्यांचे कसब तर दारूगोळ्यावाचूनचे होते. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास, जाळी, पाळलेला बोलका तितर आणि तासन्‌तास न हलता बसण्याची तयारी एवढ्या सामग्रीवर ते तितर-लावे धरत. पाखराच्या स्वभावाची जाण हाच निकष धरला, तर हे कसब दुनळीवाल्याच्या वरचे ठरते. पण 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला, पारध्यांसह अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो 1952 मध्ये कागदावरून निघाला आणि समाजाच्या मनातून अद्याप पुरता निघालेला नाही. दुसरीकडे 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायची बंदी केली, तेव्हा ती ज्याच्या हाती राहिली तो बहुधा संस्थानिक, सरदार, इनामदार किंवा सरकारच्या मर्जीतला कुणी असे. एकाच माळावर, एकाच तितरासाठी, एक जण रसिक शिकारी ठरला आणि दुसरा संशयित. वाडवडिलांच्या नेमाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी बाळगावा, पण तो बाळगताना हा भेद विसरला जातो, आणि परंपरा जपण्याच्या मागणीत पारध्याच्या फासाचा उल्लेख मला आजवर आढळलेला नाही.

शिवाय पूर्वीच्या शिकारीचे आकडे हे नेमाचे जेवढे, तेवढेच पाखरांच्या मुबलकतेचे आहेत. भरतपूरला 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीने एका दिवसात 4,273 पाखरे मारली. हा आकडा वाचून कुणाचा नेम आठवण्याऐवजी त्या दलदलीवर त्या दिवशी किती पाखरे असतील याचा विचार मनात आला पाहिजे. आमच्याकडच्या घरांतील जुन्या छायाचित्रांनाही हेच लागू आहे. दोरीला ओवलेल्या पखुर्ड्यांच्या माळेमागे उभा असलेला माणूस कोण, हे घरचे सांगतात. त्या माळेत किती पाखरे आहेत हे मोजायचे कुणाला सुचत नाही, आणि खरे तर त्या छायाचित्रातली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे.

बंदुकीने पक्ष्यांच्या अभ्यासाला हातभार लावला हे नाकारण्यात अर्थ नाही. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी 1832 मध्ये कर्नल साइक्स यांनी प्रसिद्ध केली, ती मारलेल्या नमुन्यांवरच आधारलेली होती, आणि माळरानावरची लावरी व लालसर चंडोल यांना शास्त्रीय नावे त्याच वर्षी त्यांच्याकडून मिळाली. सलीम अली यांचा पक्षी-अभ्यासही लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाला, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. चांगली दुर्बीण हाताशी नव्हती तोवर पाखरू हातात घेतल्याशिवाय ओळखता येत नसे. आता ते येते, म्हणून तो युक्तिवाद त्या काळापुरताच राहतो.

शिकार खुली करण्याच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. आमच्याकडचे जुने लोक म्हणतात, शिकारी होते तेव्हा पाखरे होती. शिकार बंद झाली आणि पाखरेही गेली. यात तथ्य आहे. 1951 च्या मुंबई राज्याच्या कायद्यात शिकारीचे परवाने आणि बंदीचा हंगाम होता, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला लहान शिकारीचा परवाना मिळू शकत होता, आणि 1991 च्या दुरुस्तीने तो पुरता संपला. त्यानंतरही माळावरची पाखरे कमी होत गेली, कारण माळच कमी होत गेला. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी आले, जिथे कुसळी गवत होते तिथे ऊस, द्राक्षे आणि डाळिंब आले. ज्याच्या शेतात तीन पिढ्यांनंतर पाणी आले त्याला यासाठी दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. दोष द्यायचा असेल तर गायरान आणि पडीक माळ म्हणजे वाया गेलेली जमीन असे मानणाऱ्या आपल्या नियोजनाला द्यावा.

अमेरिकेत 1934 पासून बदकांच्या शिकाऱ्याला विकत घ्याव्या लागणाऱ्या तिकिटाच्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात, आणि 1937 च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कर वन्यजीवांसाठी खर्च होतो. हे उदाहरण शिकारसमर्थक देतात आणि ते खरे आहे. पण ती व्यवस्था सलग मोठ्या जमिनींवर, मारलेल्या पाखरांच्या काटेकोर मोजणीवर आणि ती मोजणी तपासणाऱ्या यंत्रणेवर उभी आहे. माण किंवा जत तालुक्यात जिरायतीचे तुकडे पडलेले, गायरानावर अतिक्रमण झालेले आणि एका वनरक्षकाकडे डझनावारी गावे असताना कुणी किती तितर मारले हे कोण मोजणार? परवान्याचा पैसा माळ राखायला जाईल याची हमी कोण देणार? त्यात शिशाचा प्रश्न निराळाच. पाणपक्षी खडे समजून छरे गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात, म्हणून अमेरिकेने 1991 पर्यंत बदकांच्या शिकारीसाठी शिशाचे छरे देशभर बंद केले आणि युरोपीय संघाने 2023 पासून पाणथळ जागांत त्यांना मनाई केली. पाणवठ्यावर पखुर्डी टिपण्याची गोष्ट तर मला कसब म्हणूनही थोर वाटत नाही, कारण तिचा नर पोटाची पिसे भिजवून पिलांना पाणी नेत असतो. तो पडला तर माळावर कुठेतरी पिलेही संपतात.

पिकाच्या राखणीसाठी मिळणारा ठासणीच्या बंदुकीचा परवाना हा वेगळा विषय आहे. रानडुकरांनी मका उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याचे दुःख तितराच्या शिकारीच्या मागणीला जोडून तिला वजन आणणे अप्रामाणिकपणाचे आहे.

ज्यांना फिरत्या हाताच्या नेमाचे खरोखर प्रेम आहे त्यांच्यासाठी मातीच्या तबकड्यांचा खेळ आहे. 1880 च्या सुमारास सुरू झालेला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे आणि 2004 मध्ये अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांनी त्यातच रौप्यपदक मिळवले. पाखरू कुठून उठेल याची अनिश्चितता तबकडीत पुरती येत नाही हे मान्य, पण हाताचे कसब त्यात जिवंत राहते. सातारा-सांगलीच्या मुलांना तो परवडावा अशी सोय जवळपास नाही, ही तक्रार रास्त आहे आणि तिचा पाठपुरावा व्हायला हवा.

राहता राहिल्या बंदुका. शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये कालबाह्य बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असलेले आणि दुरुस्तीनेही वापरता न येणारे शस्त्र कायद्याच्या कक्षेतून वगळलेले आहे. शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू म्हणून 1972 च्या पुरावस्तू कायद्याचाही विचार इथे करावा लागतो. म्हणजे बंदूक कायमची निकामी केली तर ती ठेवायला वाट आहे. प्रश्न ती कोण आणि कशी निकामी करणार हा आहे. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्यानंतर चाचणीगृहे बंदूक निकामी केल्याचा शिक्का आणि प्रमाणपत्र देतात. आपल्याकडे पोलिसांच्या शस्त्रागारातील कारागिराला तेच काम देता येईल, फक्त पद्धत आधी लिहून ठरवावी लागेल, जेणेकरून नळी आतून कायमची बंद होईल, टोला मारणारी टाचणी निघेल, पण नक्षी, शिक्के आणि दस्ता शाबूत राहतील. करवतीने मधोमध कापलेली दुनळी ना शस्त्र राहते ना वस्तू. औंधला 1938 पासून श्री भवानी संग्रहालय आहे, साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे. अशा बंदुकांचे एखादे दालन तिथे झाले तर ते अस्थानी ठरणार नाही. त्या दालनात दुनळीशेजारी फासेपारध्याचा फास ठेवावा आणि दोहोंना सारखी जागा द्यावी.

बंदूक जमा करून घेताना आज तिचा क्रमांक आणि बनावट एवढेच कागदावर येते. त्याच वेळी घरच्यांकडून आणखी तीन गोष्टी मागून घेता येतील: शिकारीच्या डायऱ्या किंवा छायाचित्रे असल्यास त्यांची प्रत, बंदूक कुणाकडून आणि केव्हा आली याची माहिती, आणि जुने परवाने. जुन्या परवान्यावर विकत घेतलेल्या काडतुसांच्या नोंदी असतात. कुणी कोणत्या साली किती काडतुसे घेतली हे चाळीस-पन्नास घरांतून एकत्र केले, तर एखाद्या तालुक्यात शिकारीचा जोर केव्हा होता आणि केव्हा ओसरला याचा अंदाज येईल, आणि तो डायऱ्यांमधील पाखरांच्या नावांशी ताडून पाहता येईल. 2021 मध्ये मायणीच्या तलावांना पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण तिथे पूर्वी कोणती पाखरे किती येत याचा पुरावा शोधायला गेल्यास हातात फारसे काही लागत नाही. तो पुरावा कदाचित या घरांच्या ट्रंकांमध्ये आहे. हाकाऱ्याला गेलेली आणि पाणवठे दाखवलेली माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत आणि त्यांच्याकडे ट्रंकाही नाहीत, त्यामुळे गावांची यादी करायची झाली तर सुरुवात वाड्यांपासून न करता वस्त्यांपासून आणि पारध्यांच्या पालांपासून करावी लागेल.